खतातला नत्र उडू देऊ नका



शेण नि प्रेसमडच्या ढिगातून नाकाला झोंबणारा वास येतो, तो अमोनियाचा. म्हणजे खतातला नत्र हवेत चालला. तोच आपण पुढे युरियाच्या गोणीतून विकत आणतो!

यावर उपाय बायोचारचा. म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा. त्याची बारीक छिद्रे नत्र व ओल धरून ठेवतात, ढिगात हवाही खेळते. वाळल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चुरा ओला करून ढिगात मिसळावा व ढीग अधूनमधून खालीवर करावा. कोरा कोळसा थेट रानात टाकू नये; सुरुवातीला तो जमिनीतलाच नत्र धरून बसतो. दगडी कोळसा तर नकोच. पाचट मात्र सरीतच कुजवावे.

आमचे सांगणे एवढेच, आधी एकच ढीग करून पाहा. फरक नाकालाच कळेल.