सहा वॅटचा लॅपटॉप घेण्यापूर्वी

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, "मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, स्वस्तातला चालेल का?" चालेल, पण खोक्यावरचे चार आकडे वाचता आले पाहिजेत. नाहीतर पोटाला चिमटा घेऊन जमवलेले पैसे वाया जातात.

स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा कमी वीज घेणारा प्रोसेसर असतो. इंटेलचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहू: 2019 चा सेलेरॉन एन4020 आणि 2023 चा एन100. दोघांचा टीडीपी 6 वॅट. म्हणजे नेहमीच्या कामात प्रोसेसर साधारण किती उष्णता बाहेर टाकतो, त्याचा हा आकडा, वेगाचा नव्हे. उष्णता कमी म्हणून पंख्याशिवायही लॅपटॉप बनवता येतो आणि बॅटरीवर भार कमी पडतो.

मग फरक कुठे? एन4020 मध्ये 2 कोअर आहेत, म्हणजे काम करणारे दोन हात. एन100 मध्ये 4. कमाल वेग पहिल्याचा 2.8 गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा 3.4. कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली स्मृती, 4 एमबी आणि 6 एमबी. कंपनीच्या माहितीनुसार रॅमची मर्यादा 8 जीबी आणि 16 जीबी. वॅट तेच, काम मात्र बरेच जास्त.

'कमाल' या शब्दावर भुलू नये. हा वेग थोडा वेळच टिकतो. पातळ लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

रॅमही तपासा. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण लागते. किमान म्हणजे जेमतेम. ऑनलाइन तास आणि शेजारी चार-पाच पाने उघडायची, तर 8 जीबी रॅम आणि एसएसडी घ्यावी. अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

एन100 वर उर्दू-मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन तास, प्रोग्रॅमिंगची सुरुवात हे सारे नीट होते. मोठे व्हिडिओ एडिटिंग किंवा इमारतींचे थ्रीडी आराखडे त्याला झेपत नाहीत. मुलगी त्या वाटेने जाणार असेल तर थोडे थांबून, पैसे जमवून वरच्या श्रेणीचा घ्यावा.

दुकानदार "इंटेल आहे" म्हणाला की तेवढ्यावर मान डोलावू नका. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारा, तो बिलावर लिहून घ्या आणि मगच पैसे मोजा.