शिकारीला नावं ठेवणारी माणसं

1964 च्या जुलैमध्ये, कलहारी वाळवंटाच्या उत्तरेकडे डोबे नावाच्या पाणवठ्यावर, रिचर्ड ली हे तरुण मानवशास्त्रज्ञ एक हिशेब मांडून बसले होते. सकाळी मुक्कामावरून अन्नाच्या शोधात कोण निघालं, कोण मागे राहिलं, संध्याकाळी कुणाच्या झोळीत काय आलं, सगळं ते टिपून ठेवत. आणलेलं मांस आणि बिया तोलून घेत. सलग 28 दिवस हा हिशेब चालला. ज्यांच्यात ते राहत होते ते जुहोआन्सी लोक शेतीवर जगत नव्हते. बायका कंद, फळं, बिया गोळा करत आणि पुरुष विषारी बाणांनी शिकार करत. डोबे ज्या देशात येतं तो बोत्स्वाना तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि त्या सबंध मुलखावर दुष्काळ पसरला होता.

बेरीज झाली तेव्हा जे आकडे निघाले त्यांनी मानवशास्त्रात खळबळ उडवली. डोबेतल्या माणसाच्या वाट्याला रोज सरासरी 2140 कॅलरी येत होत्या आणि त्यासाठी प्रौढ माणूस आठवड्यातले जेमतेम अडीच दिवस रानात हिंडत होता. निम्म्याहून अधिक अन्न वनस्पतींचं होतं, त्यातही मोठा भार मोंगोंगो नावाच्या झाडाच्या बियांवर. माणशी रोज सुमारे 300 बिया. तेवढ्यातून 1260 कॅलरी आणि 56 ग्रॅम प्रथिनं मिळत. शिकार आणि कंदमुळांवर जगणारा माणूस म्हणजे पोटासाठी रात्रंदिवस वणवण करणारा अर्धपोटी जीव, असं चित्र तोवर अभ्यासकांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. 1966 मध्ये शिकागोत या विषयाचे अभ्यासक जमले, तेव्हा मार्शल सालिन्स यांनी अशा समाजांना जगातले मूळचे सुखवस्तू समाज म्हटलं.

पुढे या हिशेबावर टीका झाली आणि ती रास्त होती. बी आणली म्हणजे ती लगेच पोटात जात नाही. मोंगोंगोचं कवच दगडावर ठेवून दगडाने फोडावं लागतं, आणि त्यात तासन् तास जातात. सरपण, पाणी, स्वयंपाक, हत्यारांची डागडुजी हे सारं ली यांनी नंतर मोजलं, तेव्हा आठवडा 40 तासांच्या वर गेला. मला हा दुसरा हिशेब पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. काट्यावर काय ठेवायचं हे ठरवतानाच, काम कशाला म्हणायचं हेही ठरत असतं.

पण काट्यावर एक गोष्ट दिसतच नव्हती. एका माणसाच्या बाणाने मोठं हरीण पडतं आणि त्याचं मांस मुक्कामावरच्या प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचतं. वाटणी करायला कुणी राजा नाही, पाटील नाही, लेखी नियम नाही. मग हे घडवून कोण आणतं?

उत्तर ली यांना एका नाताळात मिळालं, तेही मनस्ताप होऊन. वर्षभर ते आपली डबाबंद शिधासामग्री जपून राहिले होते, त्यामुळे लोक त्यांना चिक्कू समजत. ते मत पुसून टाकावं म्हणून त्यांनी नाताळच्या मेजवानीसाठी जवळच्या हेरेरो गुराख्यांकडून एक भलाथोरला, चरबीने लदलेला बैल विकत घेतला. बातमी पसरली आणि एकामागून एक माणूस येऊन बैलाला नावं ठेवू लागला. एवढ्या माणसांना हा सांगाडा पुरणार कसा, लोक उपाशी झोपतील, भांडणं होतील, वगैरे. म्हातारी, तरुण, जवळचे मित्र, सगळ्यांचा एकच सूर. ली हादरले. बैल कापला तेव्हा आतली चरबी जाड थरांनी भरलेली निघाली, तरीही लोक हसत हसत तेच म्हणत राहिले आणि पोटभर जेवले. मागाहून एकाने उलगडा केला. तरुण माणूस पुष्कळ मांस आणू लागला की ते त्याच्या डोक्यात जातं. आपण मोठे आणि बाकीचे आपले आश्रित, असं त्याला वाटू लागतं, आणि असा गर्व पुढे कुणाच्या तरी जिवावर उठतो. म्हणून त्याच्या मांसाला कवडीमोल ठरवायचं आणि त्याचं मन थंड करायचं. ली यांनी 1969 मध्ये हा प्रसंग लिहून छापला. अजूनही मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तो वाचायला देतात.

या रीतीचे बारकावे मोठे देखणे आहेत. ज्याला शिकार साधली तो शिकारी मुक्कामाला आल्यावर काहीच बोलत नाही. शेकोटीपाशी गुमान बसून राहतो. कुणीतरी विचारतं, तेव्हा तो सांगतो की आज काही हाती लागलं नाही, एखादं लहानसं दिसलं असेल. ऐकणारे मनात हसतात, कारण याचा अर्थ मोठं जनावर पडलंय. दुसऱ्या दिवशी ते आणायला जाणारे वाटभर कुरकुरतात, की एवढ्याशा हाडांसाठी इतकी पायपीट कशाला करवलीस. त्यात आणखी एक मेख आहे. मांस वाटण्याचा मान शिकाऱ्याला नसतो, ज्याचा बाण लागला त्याला असतो. बाण तर पुरुष एकमेकांना सतत देत-घेत असतात. भात्यात चार जणांचे बाण असतात आणि म्हाताऱ्याचा किंवा बाईचा बाणही कुणाच्या तरी भात्यातून शिकारीला जाऊन येतो. विष डायाम्फिडिया नावाच्या किड्याच्या अळीचं असतं. ते हळूहळू भिनतं, म्हणून जखमी जनावराचा माग कधी कधी दिवसभर किंवा त्याहून जास्त काढावा लागतो.

हे सगळं कळायचं तर ती भाषा कानात बसायला हवी, आणि ती भाषा आपल्या कानाला थक्क करते. वाईट वाटलं की आपण जीभ दातांमागून ओढून ‘च्च’ करतो. बैल हाकताना गाडीवान गालाच्या कडेने चटकारा काढतो. आपल्याकडे हे आवाज शब्दांच्या बाहेर राहिले. जुहोआन्सींच्या भाषेत असे चार मूळ चटकारे आहेत आणि ते क-ख-ग इतकेच अस्सल व्यंजन म्हणून शब्दात येतात. घोष, महाप्राण, अनुनासिक अशा निरनिराळ्या जोडांनी त्यांची संख्या चाळिसांच्या वर जाते. पॅट्रिक डिकन्स या भाषाशास्त्रज्ञाने त्यांच्याबरोबर राहून लिपी बेतली. त्याचा शब्दकोश 1994 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. शिकारीच्या वेळी मात्र ही बोलकी माणसं गप्प होतात आणि बोटांनी शिंगांचा आकार करून कुठलं जनावर दिसलं ते सांगतात.

बोलकी हा शब्द मी जपून वापरतोय. लॉर्ना मार्शल 1951 पासून, सीमेपलीकडे आजच्या नामिबियात, याच लोकांमध्ये कुटुंबासह राहिल्या. मानवशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण 1961 मधल्या त्यांच्या निबंधाला मी या विषयातलं सर्वांत नितळ लिखाण मानतो. त्यात त्यांनी वाटून घेणं, बोलणं आणि देणं या तिन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधल्या. मुक्कामावर बोलणं कधी थांबत नाही, आणि त्या बोलण्याचा मोठा हिस्सा अन्नाचा असतो. कुणी काय आणलं, कुणाला दिलं, कुणाला द्यायचं विसरलं. मनातली अढी साठून राहण्याआधीच तोंडावाटे बाहेर पडते.

1974 मध्ये मानवशास्त्रज्ञ पॉली वीसनर यांनी हे बोलणंच मोजायला घेतलं. डोबेच्या दक्षिणेकडच्या एका वस्तीत त्यांनी दिवसाची आणि रात्रीची संभाषणं टिपली. पुढे 2014 मध्ये त्यांनी त्या टिपणांमधली 174 संभाषणं वर्गवार लावून प्रसिद्ध केली. दिवसाच्या बोलण्यात 34 टक्के कागाळ्या, टीका आणि भांडणं. 31 टक्के पोटापाण्याची बोलणी. थट्टामस्करी 16 टक्के. गोष्टी फक्त 6 टक्के. अंधार पडला, शेकोटी पेटली की पालटच होतो. रात्रीच्या बोलण्यात 81 टक्के गोष्टी. दूरच्या नातेवाइकांच्या, लग्नांच्या, हत्ती अंगावर आल्याच्या, हसून पोट दुखवणाऱ्या. सांगणारा नकला करतो, ऐकणारे मागून तेच शब्द उचलून धरतात.

इथे कुणाला वाटेल की दिवसा काम आणि रात्री करमणूक, त्यात नवल काय? 1974 मध्येच पुढे जे घडलं त्यात नवल आहे. वादळी वाऱ्यांनी मोंगोंगोचं पीक झडून गेलं. पाऊस इतका झाला की गवत माजलं, जनावरं पांगली आणि फासे-बाण निकामी ठरले. अन्न तुटायला लागलं, तशी शेकोटीभोवती लांबच्या माणसांची आठवण निघू लागली. अमक्या पाणवठ्यावरची माझी मावशी, तमक्या रानातला माझा जोडीदार, त्यांना भेटून किती दिवस झाले. दिवसा हात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी ओवू लागले, भेटवस्तू तयार होऊ लागल्या. आणि मग दोन आठवड्यांच्या आत वस्तीतली निम्म्याच्या आसपास माणसं उठून त्या जोडीदारांकडे राहायला गेली. या देवघेवीच्या मैत्रीला ते हक्सारो म्हणतात. भेट मिळाली की परतफेड लगेच करायची नाही, महिन्या-वर्षांनी करायची, म्हणजे नातं उघडं राहतं. असे जोडीदार कधी कधी दोनशे किलोमीटरवरही असतात, आणि त्यांचा पाणवठा दुष्काळात आपला होतो. गोष्टी सांगता सांगता ही नाती ऊबदार राहत होती. धान्याचं कोठार नसलेल्या माणसांनी आपली बेगमी माणसांत ठेवली होती आणि त्या कोठाराची दारं रात्री शेकोटीपाशी उघडत होती. वीसनर यांनी ही जोडणी आकड्यांनी आणि नावानिशी दाखवून दिली, म्हणून मला त्यांचं काम ली यांच्या काट्यापेक्षाही थोर वाटतं.

बोलण्याने पोट भरतं हे यातून कळलं. उलटा प्रश्नही आहे. पोट भरण्याच्या रीतीने बोलणं घडतं का? याचा एक सुरेख प्रयोग कलहारीपासून फार दूर, मलेशियाच्या पावसाळी जंगलात झाला. तिथे सेमाक बेरी आणि सेमेलाई असे दोन समाज शेजारी राहतात. दोघांच्या भाषा एकमेकींच्या जवळच्या, आपल्या मेळघाटातली कोरकू ज्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातली आहे त्याच कुळातल्या. जंगलही एकच. फरक एवढाच की सेमाक बेरी शिकार आणि कंदमुळांवर जगतात, सेमेलाई भात पिकवतात. असिफा मजीद आणि निकोल क्रूस्पे या संशोधिकांनी दोन्ही समाजांतल्या माणसांना वास भरलेल्या पेनासारख्या कांड्या हुंगायला दिल्या आणि रंगांचे तुकडे दाखवले. हा कसला वास, हा कुठला रंग, एवढंच विचारलं. रंग सांगताना दोघंही सारखेच. वासांच्या बाबतीत सेमेलाई चाचपडले, आपण सगळे चाचपडतो तसेच. सेमाक बेरींनी मात्र वास रंगाइतक्याच सहज आणि एकमताने सांगितले. हा निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

मलेशियातल्याच जहाई या दुसऱ्या शिकारी समाजात वासांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत. त्यातला एक शब्द पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा या तिन्हींमधला समान वास सांगतो. दुसरा सांगतो वाघाला ओढून आणणारा रक्ताचा वास. मराठीत कुबट आहे, खमंग आहे, पण बहुतेक वेळा आपण अमक्यासारखा वास असंच म्हणतो. घनदाट रानात पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही. तिथे नाकाला जे कळतं ते शेजाऱ्याला चटकन सांगता येणं ही जगण्याची गरज असावी, असं मजीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामावरून मला वाटतं. नाक तर सगळ्यांनाच मिळालेलं आहे.

जुहोआन्सींची अशी गरज डोळ्यांची आहे. जमिनीवरची खूण वाचायची आणि ती बोलून पडताळायची. जनावर कुठलं, किती वेळापूर्वी गेलं, लंगडतंय का, यावर माग काढणारे वाटेत वाद घालतात. एक अंदाज मांडतो, दुसरा त्यातली खोट दाखवतो, पुढची खूण निकाल देते. मागकाढीचे अभ्यासक लुई लीबेनबर्ग यांनी 1990 मध्ये असं प्रतिपादन केलं की विज्ञानाची सुरुवात इथेच झाली. तो दावा मोठा आहे, पण 2013 मध्ये त्याची एक परीक्षा झाली. दक्षिण फ्रान्समधल्या काही गुहांमध्ये हिमयुगातल्या माणसांच्या पावलांचे ठसे चिखलात टिकून आहेत. ते वाचायला जर्मन पुरातत्त्वज्ञ आंद्रेयास पास्तूर्स आणि टिलमान लेन्सेन-एर्ट्स यांनी नामिबियातून त्सामकाओ सिकाए, उई कुंता आणि थुई थाओ या तिघांना बोलावलं. देवनागरीत ही नावं अपुरी उमटतात, चटकारे गळून जातात.

तुक दोदुबेर या गुहेत मातीचे दोन बायसन घडवलेले आहेत. त्यांच्यापासून जवळच नुसत्या टाचांचे पुष्कळ ठसे आहेत, आणि ते कुठल्यातरी विधीतल्या नृत्याचे असावेत असं मानलं जात होतं. तिघं जुहोआन्सी दिव्याच्या उजेडात एकेका ठशावर वाकले, आपल्या भाषेत तावातावाने बोलले आणि एकमत होईपर्यंत पुढच्या ठशाकडे सरकले नाहीत. त्यांचा निर्वाळा असा की तिथे दोनच माणसं होती, एक प्रौढ पुरुष आणि एक किशोरवयीन. खड्ड्यातली माती काढून ते ती घेऊन गेले. नृत्याचा मागमूस नाही. 2015 मध्ये केंब्रिजच्या पुरातत्त्वविषयक नियतकालिकात हा शोधनिबंध छापला गेला, तेव्हा पास्तूर्स आणि लेन्सेन-एर्ट्स यांच्या पाठोपाठ लेखक म्हणून सिकाए, कुंता आणि थाओ यांची नावं होती.