आया, रोलीफ्लेक्स आणि फ्लिकर

शिकागोत श्रीमंतांची मुलं सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) या बाईचे फोटो तिच्या हयातीत जवळजवळ कुणीच पाहिले नव्हते. गळ्यात मात्र कायम रोलीफ्लेक्स!

हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरून वरून काचेत डोकवायचं, म्हणजे समोरच्याला आपण टिपले जातोय याची फारशी जाणीवच होत नाही. चित्र उजवं-डावं उलटं दिसतं आणि १२० च्या रोलवर चौकोनी फ्रेम मिळतात जेमतेम बारा. बाईंनी एकूण लाखाहून जास्त निगेटिव्ह काढल्या. शेकडो रोल तर धुतलेसुद्धा नाहीत.

२००७ मध्ये गोदामाचं भाडं थकलं आणि सामान लिलावात गेलं. शिकागोच्या एका भागावर पुस्तक लिहिणाऱ्या जॉन मालूफनं सुमारे ४०० डॉलरला एक खोकं घेतलं. पुस्तकाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

लिलावातला दुसरा खरेदीदार रॉन स्लॅटरी यानं २००८ मध्येच काही फोटो ऑनलाइन टाकले होते. फारशी दाद मिळाली नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये मालूफनं फ्लिकर या फोटोंच्या साइटवर, थेट स्ट्रीट फोटोग्राफीच्या दर्दींपुढे निवडक फोटो ठेवले आणि याचं काय करू, असं विचारलं. उत्तरांचा पाऊस पडला. फोटो त्याच बाईंचे, प्रेक्षक बदलले! बाई मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेल्या होत्या.

२०११ मध्ये बाईंच्या फोटोंचं पुस्तक आलं, पुढे त्यांच्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर नामांकनही मिळालं. दरम्यान फोटोंच्या हक्कांचा वाद कोर्टात गेला, कारण अमेरिकी कायद्यानं निगेटिव्ह विकत घेतली म्हणून कॉपीराइट मिळत नाही.