गावच्या वायफायची वीस वर्षं

नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीमसारख्या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांत थेट उपग्रहावरून इंटरनेट येणार. त्याचा आनंदच आहे. पण त्यानंतर जी चर्चा कानावर पडली, तिचा सूर असा की या गावांसाठी आजवर कुणी काही केलंच नव्हतं. ते मनाला लागलं. शाळेच्या पत्र्यावर चढून, जीआय पाइपला अँटेना आवळून गावं एकमेकांना जोडणारी एक पिढी या देशात होऊन गेली. तिचं नावही कुणाला आठवू नये?

त्याआधीचा काळ मी भराभर ओलांडतो. १९९८मध्ये वारणानगर परिसरातल्या सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ आलं, त्याचा गाजावाजा झाला. पुढे संशोधकांनी पाहिलं, तर शेतकऱ्याला त्या संगणकातून मुख्यतः आपल्या उसाचा आणि खताचा हिशेब हवा होता. मग २००७च्या सुमारास ते काम मोबाइलच्या एसएमएसवर नेऊन पाहिलं गेलं. त्या प्रयोगातून शिकण्यासारखं पुष्कळ होतं, पण शिकलं थोड्यांनीच.

आमचं दशक सुरू झालं जानेवारी २००५मध्ये. केंद्राने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त केला. दिल्लीच्या परवान्याची वाट न पाहता एका गावातून दुसऱ्या गावात वायफाय नेण्याचा रस्ता मोकळा झाला. त्याच वर्षी धरमशालेत ‘एअरजलदी’ उभं राहिलं. बाजारात मिळणारे साधे राउटर घ्यायचे, त्यांतली आज्ञावली बदलायची, जोडीला सौर पॅनेल आणि बॅटरी लावायची आणि ते डोंगरावर ठेवून द्यायचे. अँटेनांना लोंबकळणाऱ्या माकडांचाही बंदोबस्त करायचा. नेपाळात म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावच्या महावीर पुन यांनी तर २००२पासूनच, माओवादी संघर्षाच्या धामधुमीत, झाडांवर रिले बांधून डोंगरातली गावं जोडायला घेतली होती. २००७मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा गावांत वायफाय उभारणाऱ्या आमच्या गटाने पेढे वाटले होते.

तांत्रिक अडचण खरी होती, पण ती सुटली. घरातल्या वायफायला माहितीच्या प्रत्येक पाकिटाची पोच ताबडतोब हवी असते. अंतर वाढलं की पोच उशिरा येते, यंत्र पाकीट हरवलं असं समजून पुन्हा पाठवतं आणि सगळा वेग त्यातच जातो. बर्कलीच्या एरिक ब्रूअर यांच्या गटाने दोन्ही टोकांना बोलण्याच्या वेळा वाटून देऊन हा पेच सोडवला. २००७मध्ये व्हेनेझुएलात तर दोन डोंगरांमध्ये ३८२ किलोमीटरचा वायफाय दुवा चालवून दाखवला गेला. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची गावोगावची तपासणी केंद्रं अशाच दुव्यांवर चालली. म्हातारी माणसं आपल्या गावात बसून शहरातल्या डॉक्टरशी पडद्यावर बोलली आणि त्यांची एसटी-बसची खेप वाचली. या क्षेत्रातलं याहून मोलाचं काम मला माहीत नाही.

थेनीच्या अनुभवातून जे पुढे आलं, ते आमच्याकडच्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचायला हवं होतं. दुवा बंद पडतो तो बहुतेक वेळा रेडिओमुळे नाही, विजेमुळे. गावातल्या लाइनवर शेकडो व्होल्टचे झटके येतात, त्यात ॲडॉप्टर जळतो, मेमरी कार्डातला मजकूर बिघडतो. बॅटरी पार निचरेपर्यंत वापरली की ती लवकर मरते. म्हणून ब्रूअर यांच्या गटाने व्होल्टेज उतरलं की पुरवठा तोडणारी आणि यंत्र अडकलं की आपोआप पुन्हा सुरू करणारी उपकरणं बनवली. आणि मुख्य म्हणजे, केंद्रातल्या माणसांना छोट्या दुरुस्त्या शिकवल्या.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या एका आदिवासी तालुक्यात आमच्या गटाने चार शाळा आणि एक आरोग्य उपकेंद्र जोडलं होतं. पैसा एका कार्यालयाचा होता आणि त्याच्या ठेकेदाराने जागांची पाहणी मे महिन्यात केली. तेव्हा साग निष्पर्ण असतो, एका टेकडीवरून दुसरी लख्ख दिसते. खालच्या पाड्यावरचा दहावी झालेला एक मुलगा आमच्याबरोबर फिरायचा. तो तेव्हाच म्हणाला होता, “सर, आता दिसतंय सगळं. पावसात येऊन बघा.” जुलैत सागाला सुपाएवढी पानं आली, ती भिजली आणि मधला दुवा आटला. मग त्याच मुलाने कमरेला दोर बांधून पाइप दोन मीटर वर चढवला, ताणाच्या तारा पुन्हा आवळल्या, फोनवर मला सिग्नलचे आकडे सांगत बोटभर बोटभर डिश फिरवली. राउटरच्या डब्यात मुंग्या शिरू नयेत म्हणून केबलच्या भोकाला एमसील लावायचं, हेही त्यालाच सुचलं. पुढची तीन वर्षं ते नेटवर्क त्या मुलाच्या हातांवर चाललं.

त्याला मानधन द्या, अशी पत्रं आम्ही त्या कार्यालयाला लिहीत राहिलो. मनोऱ्याला पैसे होते, उद्घाटनाच्या मांडवाला होते. बॅटरी बदलायला आणि त्या मुलाला द्यायला ‘लेखाशीर्ष नाही’ हे उत्तर. प्रकल्प संपला, आता गावाने बघावं, असं सांगण्यात आलं. मुलगा वापीला कारखान्यात लागला. पुढच्या पावसाळ्यात बॅटऱ्या बसल्या आणि सगळं थांबलं. त्या उत्तराचा राग मला आजही आहे.

मोठ्या प्रकल्पांचंही निराळं झालं नाही. पश्चिम गोदावरीत बिर्राजू फाउंडेशनने वायफायवरून गावात शिक्षण आणि डॉक्टरचा सल्ला पोचवला होता. जानेवारी २००९मध्ये सत्यम कंपनीचा घोटाळा फुटला आणि ती चालवणाऱ्या घराण्याच्या या संस्थेचा आधारच गेला. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राममार्ग’ उभारला. आधी टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर प्रयोग झाला, मग परवानामुक्त पट्ट्यावर पंचवीस गावं जोडली गेली. पंचायतीला भागीदार करण्याची त्यांची मांडणी होती. २०१७मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, सव्वा लाख डॉलरचं. राज्याने ही मांडणी गावोगाव न्यायला हवी होती. त्याऐवजी आपण हरिसालवर भांडलो. मेळघाटातल्या त्या ‘डिजिटल गावा’ची अवस्था राज ठाकरे यांनी २०१९च्या सभांमध्ये पडद्यावर दाखवली, भाजपने उलट दावे केले. तिथलं यंत्र बंद पडलं तर दुरुस्त कोण करतो आणि त्याचा पगार कोण देतो, हे दोन्ही बाजूंपैकी कुणी विचारलं नाही.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं. स्वस्त डेटाने सपाटीवरच्या गावांचं भलं केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर गावाचं स्वतःचं नेटवर्क हा विषयच कालबाह्य ठरला. दरीतल्या पाड्यांना काही मिळालं नाही. २०२०च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गापासून नंदुरबारपर्यंत मुलं रेंजसाठी डोंगर चढली. जुलै २०२४मध्ये दर वाढले, तेव्हा गावाच्या हातात दुसरा पर्याय नव्हता.

ऑक्टोबर २०११मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायचं ठरवलं. त्याच योजनेच्या, म्हणजे आताच्या भारतनेटच्या, नव्या टप्प्याला २०२३मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. आता त्यात उपग्रहाची भर. पण फायबर पंचायतीपर्यंत येवो की छपरावर तबकडी बसो, तिथून पाड्यापर्यंत वायफायच न्यावं लागेल आणि ते पावसात कुणीतरी सांभाळावंच लागेल. ग्रामपंचायत पाणीपट्टी घेते आणि मोटार चालू-बंद करणाऱ्या, गळती काढणाऱ्या माणसाला पगार देते. तसंच एक पद नेटवर्कसाठी निर्माण करा, त्याच पाड्यावरच्या मुलाला किंवा मुलीला शिकवून नेमा आणि बॅटरीचा खर्च अंदाजपत्रकात धरा. तुमच्या गावात तबकडी किंवा फायबर येणार असेल, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.