जुना घाट, घरची शिवण – लेखांक ६ : मद्रासचा चौकडा

मांजरपाटाचा नमुना अंगावर नीट बसला असेल, टक्स हवे तिथे आले असतील, तर आता खरं कापड आणायची वेळ झाली. पुढे बटणं, कमरेला पट्टा आणि खाली भरपूर घेर असा १९५०च्या दशकातला जो ड्रेस आपण शिवतो आहोत, त्यासाठी मी मद्रास चौकड्याचंच नाव घेईन. मी चेन्नईत राहते हे त्याचं एक कारण, पण ते दुय्यम. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या उन्हाळी कपड्यांत ज्या कापडाने धुमाकूळ घातला, ते इथून गेलेलं होतं. आपण त्या काळचा घाट पाहायला परदेशी मासिकांची जुनी पानं चाळतो, आणि त्या पानांवरच्या चौकड्यांची सख्खी भावंडं एग्मोरला पँथियन रोडवरच्या को-ऑप्टेक्सच्या दुकानात मीटरवर मिळतात.

या शहराचा जन्मच कापडासाठी झाला. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डेने हा किनारा निवडला, तो इथे सुती कापड चांगलं आणि स्वस्त मिळत होतं म्हणून. बंदर म्हणून जागा अगदीच गैरसोयीची होती. जहाजं दूर उभी करून लाटांतून होड्यांनी माल ने-आण करावा लागे. पुढे जवळपास शंभर वर्षांनी, १७३०च्या दशकात, गव्हर्नर मॉर्टन पिटच्या काळात कूवम नदीच्या वळणात चिंताद्रीपेट वसवली गेली, तीही विणकरांसाठी.

इथून जाणाऱ्या मालात चौकड्याचे रुमाल होते. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, ३६ इंच लांब आणि ३६ इंच रुंद असा चौरस. तो पश्चिम आफ्रिकेत गेला, कॅरिबियन बेटांवर गेला. मार्टिनिक, ग्वाडलूप, सेंट लुशिया इथल्या बायकांच्या डोक्यावरचा बांधीव रुमाल आणि सणाचा घागरा आजही 'मद्रास' म्हणूनच ओळखला जातो. नायजेरियाच्या किनाऱ्यावरचे कलाबारी लोक तर या कापडातले निवडक धागे कापून उपसून काढतात आणि त्यातून जाळीदार नवं कापड घडवतात. चौकडा म्हणजे साधं, रोजचं कापड, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मला ते मान्य नाही.

अमेरिकेची गोष्ट १९५८ची. पुढे 'लीला' हॉटेलं उभी करणारे कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर तेव्हा हातमागाच्या कापडाचा व्यापार करत. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी, की विल्यम जेकबसन नावाचा आयातदार मद्रासला आला आणि त्याने एक डॉलर वाराने हे कापड उचललं. थंड पाण्यात, हलक्या हाताने धुवा, ही सूचना नायरांनी दिली होती. ती पुढे पोहोचलीच नाही. ब्रूक्स ब्रदर्सने त्या कापडाचे कपडे विकले, गिऱ्हाइकांनी ते यंत्रात घातले, सगळे रंग एकमेकांत उतरले. तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊ लागलं. तेव्हा 'सेव्हन्टीन' मासिकातून आणि जाहिरातींतून उलटच सांगणं सुरू झालं: हे हाताने विणलेलं कापड रंग सोडतं, प्रत्येक धुण्यानंतर वेगळं दिसतं, आणि हेच त्याचं वैशिष्ट्य. लोकांनी ते उचलून धरलं, आणि रंग न सोडणारं मद्रास नकली ठरू लागलं.

रंग सुटतो कशाने, हे शिवणाऱ्याला ठाऊक हवं. बरेचसे वनस्पती-रंग सुताला आपणहून चिकटत नाहीत. तुरटीसारखा दुवा लागतो. तो कच्चा राहिला, किंवा हळदीसारखा मुळातच चंचल रंग वापरला, की पाणी लागताच रंग निघाला. निळीचं थोडं वेगळं, ती धाग्याच्या वरवर बसते आणि घासली की उतरते. आज दुकानात मिळणारे बहुतेक चौकडे पक्क्या रंगाचे असतात. तरीही पांढरा ओला फडका कापडाच्या कोपऱ्यावर ठेवून त्यावरून गरम इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग उमटला, तर ते कापड कायम वेगळं धुवायचं. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, ही समजूत घरोघरी आहे. तयार कापडाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका. पक्का रंग असला तरी कापण्याआधी कापड रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, ओलसर असतानाच इस्त्री करायची. हातमागाचं सूत आटतं. शिवल्यावर ते कमरेत आटलं तर काही करता येत नाही.

खरेदीचा हिशेब असा. कंबर २८ इंच आणि कापडाचा पन्हा ४४ इंच धरला, तर घेरासाठी पूर्ण पन्ह्याचे दोन तुकडे पुरतात. ८८ इंचांच्या चुण्या २८ इंचांत म्हणजे साधारण तिप्पट, आणि पातळ सुताला ते प्रमाण शोभतं. लांबी, दुमड आणि माया धरून प्रत्येक तुकडा ३० इंचांचा. वरच्या भागासह साध्या कापडाला तीन मीटर लागतील, चौकड्याला साडेतीन घ्या. तो अर्धा मीटर रेषा जुळवण्यात जातो. कुरिंजीपाडी किंवा गुडियात्तमच्या हातमागाच्या लुंग्यांतही सुरेख चौकडे मिळतात. एकाच चौकड्याच्या दोन लुंग्यांत ड्रेस होतो, फक्त न शिवलेल्या मागा, कारण इथे लुंगी दोन्ही टोकं जोडूनही विकतात. चेट्टिनाडची कंडांगी साडी मात्र या घाटाला जड पडते. तिचे मोठे चौकडे सरळ, चुण्या नसलेल्या ड्रेसवर जास्त खुलतील.

आता बेतणं. जुन्या ड्रेसचं चित्र मनात आलं की बहुतेकींना पूर्ण गोल घेर हवा असतो. चौकड्यात तो करू नका. गोल घेरात मधोमध रेषा उभ्या राहतात, पण बाजूंकडे सरकताना तिरक्या होत जातात, आणि शिवणीवर एकमेकींना भलत्याच कोनात भेटतात. सरळ पन्हे चुणून लावले की प्रत्येक आडवी रेषा जमिनीला समांतर फिरते. चौकड्याची सगळी शोभा त्या अखंड फिरणाऱ्या रेषेत आहे. म्हणून खालची कड आधी ठरवा: सर्वांत गडद आडवा पट्टा कडेच्या जरा वर आला की घेराला वजन येतं. कमरेवर मात्र तोच पट्टा येऊ देऊ नका, कंबर रुंद दिसते.

मग चौकडा सम आहे की विषम ते पाहा. कापडाचा कोपरा तिरका दुमडून रेषा रेषांवर तंतोतंत बसल्या तर सम. विषम असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने, वरची बाजू वरच ठेवून बेतायचे. विणलेल्या मद्रासला उलटी-सुलटी बाजू नसते, आणि याचा मोठा फायदा आहे. पुढचा उजवा भाग कापला, की कापड पालथं करून त्यावरच डावा भाग बेता. बटणपट्टीच्या दोन्ही अंगांना रंग आरशासारखे समोरासमोर येतील. कोणती बाजू वर हे विसरू नये म्हणून प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करा. दोन पदर एकत्र कापायचे नाहीत. खालचा पदर सरकतो, आणि एका धाग्याचा फरकही चौकड्यात दिसतो.

रेषा जुळवायच्या त्या शिवणीवर, कापलेल्या कडेवर नाही. माया सोडून आत जिथे टीप पडणार, तिथे टाचणी टोचा, प्रत्येक ठळक पट्ट्यावर एक, आणि मग कच्चा धावदोरा घाला. थेट मशीनखाली घातलं तर वरचा पदर पुढे ढकलला जातो. बाजूच्या शिवणीत छातीच्या टक्सच्या खाली सगळं जुळतं. वरती जुळणार नाही, कारण टक्सने कापड तिथे खाल्लेलं असतं. त्यात तुमची काही चूक नाही. बाहीचंही तसंच. मुंढ्याच्या पुढच्या खुणेपाशी रेषा जुळली की पुरे. कॉलर आणि खिसे उरेब कापा, म्हणजे जुळवायचा प्रश्नच उरत नाही आणि चौकडा तिथे हिऱ्यासारखा तिरका उभा राहतो.

चेन्नईच्या हवेत त्या काळचा नायलॉन जाळीचा पेटीकोट घालवत नाही. मलमलीचा, खाली दोन झालरींचा पेटीकोट घेर पुरेसा उचलून धरतो आणि घामही शोषतो. वरच्या भागाला अस्तर नको. गळ्याला आणि मुंढ्याला आतून उरेब पट्टी लावली की काम झालं. कापडातलीच पट्टी कडक अस्तरावर चढवून कमरपट्टा करा. बटणं शिंपल्याची, नाहीतर त्याच कापडाने मढवलेली. पायात कोल्हापुरी चप्पल असू द्या, मद्रासच्या रंगांना टाचांच्या बुटांपेक्षा ती अधिक जवळची वाटते. आणि उरलेल्या कापडातून ३६ इंचांचा चौरस निघत असेल, तर त्याच्या कडा दुमडून रुमाल करा, कॅरिबियन बायका बांधतात तसा डोक्याला बांधायला.

पुढच्या लेखांकात बटणपट्टी आणि काजं. तोवर कापड भिजवून, वाळवून, घेराचे दोन्ही तुकडे बेतून ठेवा. वरच्या भागाला अजून कात्री लावू नका, बटणपट्टीची रुंदी चौकड्यावरून ठरवायची आहे.