हिमालयाआधी हिमोग्लोबिन

शिरूर काय आणि दौंड काय, दोन्ही गावं सपाटीवरची. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम साडेपाचशे मीटर. अशा गावांतल्या आम्ही दोघी जावा मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर जायचं म्हणतोय. उंची ५२८९ मीटर! सुरुवातीचे दिवस सोलंग खोऱ्यातून साधी पायपीट. मग गाइड कमरेला दोर बांधणार, बुटांना लोखंडी दात लावणार आणि बर्फाची कुऱ्हाड हाती देणार.

‘या वयात?’ हे ऐकून झालंय. २०२२ मध्ये बचेंद्री पाल पन्नाशीपुढच्या बायकांना घेऊन अरुणाचलपासून लडाखपर्यंत चालत गेल्या. आम्ही तर अजून चाळिशीतच आहोत.

सरावाला डोंगर कुठून आणायचा? धाकट्या जावेनं दौंड स्टेशनचा पूल शोधला. पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन जिना चढायचा, उतरायचा, परत चढायचा. ‘बाई, गाडी चुकली का?’ असं लोक विचारायचे. मी इकडे पहाटे रामलिंगाच्या रस्त्याला. रविवारी दोघी यवतजवळच्या भुलेश्वरला. एकदा कळसूबाईही केलं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथे तिला धाप लागली, जरा जास्तच. ‘सवय नाही हो ताई,’ म्हणाली.

डॉक्टरांचा दाखला लागतो म्हणून रक्त तपासलं. तिचं हिमोग्लोबिन ९.२. बाईचं बारा तरी हवं.

मैत्रिणींनो, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. बचत गटाच्या बैठकीत हा आकडा मी कितीदा सांगितलाय. घरातच निघाला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब इथल्यापेक्षा खूप कमी, म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायू जवळपास निम्मा. तो अंगभर पोचवायचं काम रक्ताचं. वर गेल्यावर शरीर नव्या तांबड्या पेशी बनवायला घेतं, त्याला लोह लागतं. तेच नसेल तर पायांत कितीही बळ असून काय उपयोग?

विचारल्यावर कळलं, दोन वर्षं पाळीत अतोनात जात होतं. ‘बायकांचं चालतंच,’ म्हणून कुणाला बोलली नव्हती. पैसे भरून झालेले. कुणीतरी म्हणालं, दाखला काय, मिळतो कुठेही! तिचाही हट्ट, जाऊच या. मी ठाम नाही म्हटलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिला सोडून मी एकटीनं जायचं तर मला पटेना. शेवटी मोहीम एक वर्ष पुढे ढकलली.

मग सोनोग्राफी, रक्तस्रावावर उपचार, लोहाच्या गोळ्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर मुळीच नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. आमच्या घरात चहा थांबवणं शिखर चढण्यापेक्षा अवघड! तीन महिन्यांनी १०.९ आलं.

एक मात्र सांगते, रक्त भरलं आणि पाय तयार झाले तरी उंचीचा त्रास कुणालाही होऊ शकतो, अगदी धडधाकट तरुणालाही. म्हणून तीन हजार मीटरनंतर रोजचा मुक्काम फार तर पाचशे मीटरनं वर न्यायचा, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय तर गाइडला लगेच सांगायचं, लपवायचं नाही. वाढलंच तर खाली उतरायचं. आणि अंगावर काढायची सवय तर आपल्याला लहानपणापासूनची.

परवा भुलेश्वरच्या चढावर जाऊबाई माझ्या पुढे होत्या. पाठीवरचे तांदूळ आता आठ किलो झालेत. पुढची तपासणी दिवाळीनंतर. बारा आलं आणि डॉक्टर हो म्हणाले, तर जूनची तिकिटं काढणार.