‘कोसला’नंतरची ‘हिंदू’

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला तिचा पांडुरंग आम्हा शिरूर-दौंडकरांना घरचाच वाटला. २०१० साली ‘हिंदू’ आली, ती सहाशेवर पानांची! दौंडचे माझे स्नेही शंभराव्या पानावरच थांबले. “यात गोष्ट कुठे आहे? नुसती अडगळ!” म्हणाले. शिरूरच्या मेव्हण्यांनी मात्र ती दोनदा वाचली. त्याच वर्षी त्यांचे वडील गेले होते. पांडुरंगाने आपली पंचविशी सांगितली. पुराणवस्तुसंशोधक खंडेराव वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात घरी निघतो आणि साऱ्या घराण्याचे थर उकरतो. ते काम सावकाशच व्हायचे. स्नेह्यांना पुन्हा ‘कोसला’च हवी होती, पण सत्तेचाळीस वर्षांनंतर लेखकाने ती पंचविशी आणावी तरी कुठून?